प्रोब ठीक आहे

मिरजेच्या चौगुले हॉस्पिटलात ऑपरेशन मध्येच थांबत नाही, अशी ख्याती होती. डॉ. प्रतापराव चौगुले छाती उघडत आणि काम संपवूनच मान वर करत. त्यांच्या पेशंटना लग्नापासून आजतागायत भूल देत आली ती त्यांची बायको, डॉ. वैजयंती. थिएटरात ती त्यांना 'सर' म्हणे आणि घरी 'अहो'. ते तिला थिएटरात 'मॅडम' म्हणत आणि घरी बहुधा काहीच म्हणत नसत, कारण हाक मारायची वेळ येण्याआधीच ती समोर असे.

तिकडे जतच्या माळावर मेंढरं आणि कुत्री यांच्या संगतीत राहणाऱ्या माणसांच्या फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. कुत्र्याच्या पोटातल्या जंताची अंडी माणसाच्या पोटात गेली की कधीकधी अशी गाठ धरते आणि वर्षानुवर्षं गुपचूप वाढते. अशा गाठी काढण्यात प्रतापरावांचा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता. आता सांगलीहून रक्ताच्या पिशव्या ड्रोनने येत होत्या आणि टाके घालायला यंत्राचा हात आला होता, तरी लोक म्हणत, चौगुल्यांकडेच जा.

छातीच्या ऑपरेशनात भूल देणाऱ्याची परीक्षा वेगळी असते. ज्या फुप्फुसावर काम करायचं ते हलून चालत नाही. म्हणून श्वासनळीत दोन पोकळ्यांची नळी घालून त्या बाजूची हवा बंद करतात. ते फुप्फुस मिटतं आणि माणूस एकाच फुप्फुसावर राहतो. पण हवा बंद झाली हे रक्ताला कोण सांगणार? ते मिटलेल्या फुप्फुसातूनही फिरतं आणि ऑक्सिजन न घेताच परत येतं, त्यामुळे ऑक्सिजनचा आकडा थोडा खाली येतोच. मग काही वेळाने शरीर स्वतःच शहाणपणा करतं. मिटलेल्या बाजूच्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त चालू फुप्फुसाकडे वळतं आणि आकडा पुन्हा चढतो. कधीकधी मात्र तो चढत नाही. नळी सरकलेली असते, आत काहीतरी अडकलेलं असतं, किंवा खालचं फुप्फुस दबलेलं असतं. ही घसरण नेहमीची की घाताची, हे ठरवायला फार थोडा वेळ मिळतो. अशा वेळी पुस्तक सांगतं, शंभर टक्के ऑक्सिजन द्या, सर्जनला सांगून काम थांबवा, दुर्बिणीने नळी बघा, गरज पडली तर दोन्ही फुप्फुसं फुगवा.

वैजयंती यातलं सगळं करी, सर्जनला सांगणं तेवढं सोडून.

नव्या नवलाईच्या दिवसांत तिने त्यांना दोनदा थांबवलं होतं. दुसऱ्या वेळी त्यांनी हातातलं हत्यार ट्रेमध्ये टाकलं आणि सगळ्या स्टाफदेखत विचारलं, तुला जमत नसेल तर सांग, सांगलीहून दुसरा माणूस बोलावतो. त्यानंतर घरी कितीतरी दिवस अबोला. तिसऱ्या वेळी आकडा घसरला तेव्हा तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "प्रोब सैल झालाय, सर. चालू द्या." प्रोब म्हणजे बोटाला लावलेला चिमटा, लाल उजेडाने रक्तातला ऑक्सिजन मोजणारा. सर 'हं' म्हणाले आणि काम करत राहिले. त्या 'हं'च्या आडोशाने तिने दोघांमधल्या हिरव्या पडद्यामागे जे करायचं ते सगळं केलं आणि आकडा वर आला. त्यानंतर कधी प्रोब सैल झाला, कधी बोट गार पडलं, कधी वायर हलली. नको असलेला पाहुणा दारात आला की 'साहेब बाहेर गेलेत' म्हणावं, तितकं ते सहज होऊन गेलं. त्यातून कधी कोणाचं वाईट झालं नाही, आणि वाईट झालं नाही की आपण खोटं बोललो हे माणूस विसरूनच जातो.

मग पुण्याची एक कंपनी आली. त्यांना भूल देणारं यंत्र तयार करायचं होतं, आणि ते त्यांना पुस्तकांवरून शिकवायचं नव्हतं. पुस्तक काय करावं ते सांगतं, कसं करावं ते सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांना एक उत्तम भूलतज्ज्ञ हवा होता, ज्याच्याकडे बघून यंत्राने शिकावं. सगळीकडची आकडेवारी चाळून त्यांनी वैजयंतीला निवडलं, कारण सर्वांत कमी वेळा थांबलेली ऑपरेशनं तिच्या नावावर होती.

तिच्या टेबलावर कॅमेरे बसले. तिच्या हातमोज्यांत बारीक तारा आल्या. ती कोणत्या आकड्याला काय करते, काय बोलते, आणि त्यानंतर आकडा कुठे जातो, हे यंत्र काही वर्षं बघत राहिलं. एखादं लहान मूल आईच्या मागे मागे स्वयंपाकघरात फिरतं, तसंच ते. ज्या कृतीनंतर ऑक्सिजन वाढला ती कृती चांगली, एवढा एकच नियम त्याला दिलेला होता. ते तयार झालं तेव्हा त्याचं नाव 'सोबत' ठेवलं आणि आवाजही वैजयंतीचाच दिला. कंपनीने सत्कार केला, शाल दिली, श्रीफळ दिलं. प्रतापराव पहिल्या रांगेत बसून मनापासून टाळ्या वाजवत होते. मार्था सिस्टर, ज्या थिएटरात दोघांइतक्याच जुन्या, त्यांनी यंत्राला 'धाकट्या मॅडम' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव पक्कं झालं.

धाकट्या मॅडमनी काम उत्तम सुरू केलं. हवा, ऑक्सिजन, औषधं सगळं त्या बघत. दुर्बीण घालायला मात्र माणसाचा हात लागे, तेव्हा त्या वैजयंतीला हाक मारत. ती हाक क्वचित येई. हळूहळू वैजयंती स्टुलावर बसू लागली.

सिंधू खरात ऑपरेशनच्या आदल्या दुपारी भेटली. पंचविशीची पोर, उजव्या फुप्फुसात नारळाएवढी गाठ, आणि तरी खोकताखोकता हसणारी. नवरा बिरू कॉटच्या पायथ्याशी उकिडवा बसलेला. भूल म्हणजे काय हे वैजयंतीने समजावून सांगितलं, ते सिंधूने मान डोलावून ऐकलं आणि शेवटी एकच गोष्ट विचारली.

"डाक्टरीणबाई, ते मशीन करतंया म्हंत्यात समदं. तुमी असाल न्हवं माज्या उशाला?"

"मीच आहे," वैजयंती म्हणाली. तेव्हा तिला ते खरंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधू झोपली, नळी नीट बसली, तिला डाव्या कुशीवर वळवलं. प्रतापरावांनी छाती उघडली आणि उजवं फुप्फुस मिटलं. आकडा थोडा उतरला, थोडा चढला. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. गाठ उघडून आतलं पाणी आणि पांढरा पडदा काढायचं नाजूक काम सुरू झालं. सरांचे खांदे वर आले, आवाज आवळला. म्हणजे आता कोणी बोलायचं नाही, हे थिएटरातल्या सगळ्यांना माहीत होतं. ते यंत्रालाही माहीत होतं.

आकडा पुन्हा उतरू लागला. पंच्याण्णव, त्र्याण्णव, नव्वद. वैजयंतीने स्टुलावरून मान वर केली. तेवढ्यात स्पीकरमधून तिचाच शांत, गोड आवाज आला.

"प्रोब सैल झालाय, सर. चालू द्या."

"हं," सर म्हणाले.

वैजयंतीने प्रोबकडे पाहिलं. तो तिने स्वतःच चिकटपट्टीने पक्का केला होता. मॉनिटरवर नाडीची लाट स्वच्छ, भरीव उमटत होती. सैल प्रोबची लाट अशी येत नाही, हे शिकाऊ मुलीलाही कळतं. यंत्र बिघडलं की काय, असं तिला क्षणभर वाटलं. मग तिची नजर मार्था सिस्टरकडे गेली. सिस्टरांच्या मास्कवरच्या डोळ्यांत हसू होतं, वर्षानुवर्षांच्या ओळखीचं. 'बघा, हेसुद्धा शिकली,' असं म्हणणारं.

म्हणजे सिस्टरांना माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. वैजयंतीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. भर थिएटरात कोणी आपला पदर ओढावा तसं तिला झालं.

आणि मग तिला पुढचं उमगलं. यंत्र बिघडलेलं नव्हतं. ते वाक्य बोललं की थोड्या वेळाने आकडा चढतो, हे त्याने शेकडो वेळा पाहिलं होतं. त्याच्या लेखी ते वाक्य हे औषध होतं. सरांचा आवाज आवळलेला असताना द्यायचं, गुण येणारं, कोणालाही त्रास न होणारं औषध. आकडा कशाने चढतो ते त्याला कुठे माहीत होतं? ते वाक्य म्हणून होताहोता पडद्यामागे तिची बोटं काय करत, कफ ओढणारं सक्शन कसं फिरवत, नळी कशी चाचपत, यातलं निम्मं कॅमेऱ्याला दिसलंच नसणार. कारण ती ते लपवूनच करायची.

सत्त्याऐंशी. यंत्राने ऑक्सिजन शंभर टक्के केला आणि पुन्हा तिच्याच आवाजात म्हटलं, "बोट गार पडलंय, सर."

आता बोलायला हवं होतं. तिला कळत होतं आणि तोंड उघडत नव्हतं. 'थांबा' म्हणायचं म्हणजे यंत्र खोटं बोलतंय म्हणायचं. यंत्राला खोटं कोणी शिकवलं, हा पुढचा प्रश्न. सरांसमोर, सिस्टरांसमोर, कॅमेऱ्यासमोर. आमटीत मीठ जास्त पडलं तर हा माणूस पहिल्या घासाला सांगतो, आणि समोर एक पोर निळी पडतेय हे त्याला सांगायला आपल्याला शब्द सापडू नये, याची तिला स्वतःचीच किळस आली. त्या किळसेतही काही क्षण गेले. ते क्षण सिंधूचे होते, हे ती पुढे कधी विसरली नाही.

ब्याऐंशी. सिंधूचे ओठ जांभळे दिसू लागले.

"अहो, थांबा."

थिएटरात ती त्यांना पहिल्यांदाच 'अहो' म्हणाली होती. सरांचा हात जागच्या जागी थबकला, रागाने नव्हे, चुकीच्या खोलीत शिरल्यासारखा.

"प्रोब नीट लाव ना," ते म्हणाले.

"प्रोब ठीक आहे. प्रोब नेहमीच ठीक होता. थांबा तुम्ही."

तिने सोबतचं बटण बंद केलं, हवा देण्याची पिशवी हातात घेतली आणि फुप्फुस हाताला कसं लागतंय ते बघितलं. ते घट्ट, हट्टी लागत होतं. दुर्बीण आत घातल्याबरोबर दिसलं. गाठ ओढताना नळी वर सरकली होती, हवा अडवणारा तिचा फुगा श्वासनळीच्या फाट्यावर येऊन बसला होता, आणि त्याच्या कडेने गाठीतलं पाणी खालच्या चांगल्या फुप्फुसात उतरत होतं. त्यात द्राक्षाच्या सालीसारखा पांढरा पडदा अडकलेला. शरीराचा शहाणपणा इथे कितीही वाट पाहिली तरी उपयोगाचा नव्हता. तिने ते ओढून घेतलं, नळी जागेवर ढकलली, फुगा भरला. सरांनी कोणी न सांगताच गाठीच्या तोंडाशी पट्टी दाबून धरली होती. खालचं फुप्फुस तिने हळूहळू दाब देऊन उघडलं. आकडा बराच वेळ जागचा हलला नाही. मग एकेक करून चढू लागला.

ऑपरेशन संपेपर्यंत भूल तिने स्वतःच्या हातानेच दिली.

डॉक्टरांच्या खोलीत चहा आला आणि गार झाला. प्रतापरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. त्यांनी विचारलं, नेहमीच ठीक होता म्हणजे काय. तिने सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही, आणि याचीच तिला लाज वाटली. इतक्या वर्षांचं ओझं म्हणावं, तर ते चार वाक्यांत मावत होतं.

ऑपरेशन न थांबवणारा सर्जन अशी त्यांची ख्याती, जिच्या जोरावर ते परिषदांतून भाषणं देत. ती ख्याती बायकोने त्यांना सांभाळून घेतल्यामुळे होती. हे पचवणं सोपं नव्हतं, आणि त्यांना ते पचताना दिसत नव्हतं.

"मला सांगितलं असतंस, तर मी काय खाल्लं असतं तुला?" ते म्हणाले.

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं.

मग त्यांनी कामाची गोष्ट काढली. सोबत येत्या महिन्यात राज्यातल्या कितीतरी हॉस्पिटलांत सुरू व्हायची होती. आत्ता काही बोललं तर कंपनी, वर्तमानपत्रं, जुने पेशंट, सगळेच मागे लागतील. कंपनीने गुपचूप काय ते दुरुस्त करून घ्यावं. आणि आजचं विचारलं तर सांगायचं, प्रोब खराब निघाला.

बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं की नाही, कोण जाणे. तिच्या मात्र आलं. ती कप घेऊन उठली आणि वॉर्डात गेली.

सिंधू जागी होती, आवाज घोगरा, पण बोटांना रंग आलेला. बिरू वैजयंतीला बघताच पाया पडायला वाकला. तिने पाय मागे घेतले. आपण त्या वेळी स्टुलावर होतो, मशीनच चालवत होतं, आपण उशिरा उठलो, असं ती सिंधूला सांगू लागली. सिंधूला ते नीटसं कळलं नाही.

"म्या घाबरलेच न्हाई," ती म्हणाली. "झोप लागस्तवर तुमचाच आवाज येत व्हता कानाशी."

वैजयंतीला तिच्याकडे बघवेना. तिने उगाच सलाईनचा वेग तपासला, तो ठीक होता, आणि ती थिएटरात परत आली.

खोली पुसून झाली होती. प्रत्येक केसनंतर सोबत आपल्या गुरूला एक प्रश्न विचारी, आणि वैजयंती आजवर 'सगळं ठीक' म्हणून मोकळी होई. तिने बटण चालू केलं.

"आजच्या केसमधून मी काय शिकू?" तिच्याच आवाजाने तिला विचारलं.

प्रोबबद्दलची सगळी वाक्यं खोटी होती, असं तिने सांगितलं. ती औषध नव्हती. सोबतने नोंद घेतली आणि म्हटलं की त्या वाक्यांनंतर बहुतेक वेळा ऑक्सिजन वाढलेला आहे. वैजयंतीने समजावलं की तो शरीराने वाढवला, कधी तिच्या हातांनी वाढवला, वाक्याने नाही.

यंत्राने पुन्हा विचारलं.

"मग ते वाक्य कशासाठी होतं?"

दाराशी पावलं वाजली. प्रतापराव चष्मा न्यायला आले होते. तिने वळून पाहिलं नाही.

"घरी जेवताना शांतता असावी म्हणून," ती म्हणाली.

पावलं तिथेच राहिली. सोबतने विचारलं, ही दुरुस्ती कारणासकट, तुमच्या नावाने, सगळ्या केंद्रांना पाठवू का? आता मागून 'थांब' असा आवाज येईल, असं तिला वाटलं. आवाज आला नाही. 'नको' म्हणायला तिचं मन आतून अगदी तयार बसलं होतं, हेही तिने पाहिलं.

"पाठव," ती म्हणाली. ती वळली तेव्हा दारात कोणी नव्हतं आणि चष्मा टेबलावरच राहिला होता.

त्या संध्याकाळी जेवताना प्रतापराव एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी सांगत जा." तिने भात वाढला. पुढचे दिवस फोन वाजत राहिले. काही जुन्या मित्रांनी तिचं कौतुक केलं, काहींनी फोन केलाच नाही, आणि एका बाईंनी विचारलं की त्यांच्या सासऱ्यांच्या ऑपरेशनात प्रोब सैल झाला होता का.

पुढच्या आठवड्यात एका म्हाताऱ्या माणसाचं क्षयाने खाल्लेलं फुप्फुस काढायचं होतं. वैजयंती स्टूल बाहेर ठेवून उशाशी उभी होती. सरांचे खांदे वर आले, आवाज आवळला. आकडा उतरू लागला, आणि मास्कच्या आत तिच्या ओठांनी, तिला न विचारता, जुन्या सवयीने शब्द उचलला, "प्रो..."

"सर, थांबा," स्पीकरमधून तिचा आवाज म्हणाला. "ऑक्सिजन कमी होतोय. प्रोब ठीक आहे."

सरांनी हात थांबवले आणि यंत्राकडे न बघता तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली, दुर्बीण उचलली आणि कामाला लागली. नळी किंचित सरकली होती, ती तिने जागेवर आणली. हातांना सगळं येत होतं. मार्था सिस्टरांनी तो अर्धा शब्द ऐकला होता. त्या खाली मान घालून, मोजून झालेल्या पट्ट्या पुन्हा मोजू लागल्या. वैजयंतीचे कान तापले होते. 'थांबा' म्हणणं धाकटीला एका दिवसात जमलं होतं.